साचा आणि मजकूर

महाराष्ट्राच्या वायव्य टोंकाला, एका अंगास गुजरात व दुसर्‍या अंगास मध्यप्रदेश यांच्या सीमेला भिडून नंदुरबार जिल्हा पसरला आहे. ता. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्याचें विभाजन होऊन तो अस्तित्वांत आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व धडगांव हे त्याचे सहा तालुके. मध्यें तापीचें सुपीक खोरें, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्याहि पलीकडे नर्मदा, अशी त्याची रचना आहे. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या १६,४८,२९५ भरली. तींत शेंकडा ६९ लोक आदिवासी होते आणि साक्षरतेचें प्रमाण शेंकडा ६४ च्या आसपास, म्हणजे सबंध राज्यांत सर्वांत कमी होतें. आणि तरीहि याच जिल्ह्यांतील टेंभली या लहानशा गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक वांटण्यांत आले. अक्षरओळखींत मागें असलेल्या जिल्ह्याच्या हातीं संगणकयुगाची पहिली खूण पडावी, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

त्यानंतरच्या काळांत सरकारी कारभाराचा बराच भाग कागदावरून पडद्यावर आला. भरतीची जाहिरात, शिष्यवृत्तीची मुदत, वनहक्काच्या दाव्यांची यादी, निविदा, दाखल्यांचे अर्ज, हें सारें पूर्वीं कचेरीच्या फळ्यावर डकविलेलें असे. आतां तें संकेतस्थळावर लागतें. धडगांवकडील डोंगरांतल्या एखाद्या पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणीं यावयाचें म्हणजे घाट उतरण्यांत सबंध दिवस मोडतो. तीच सूचना हातांतल्या फोनवर वाचतां आली, तर त्या दिवसाची मजुरी वांचते. परंतु ती वाचतां आली तर! या 'तर' मध्यें किती गोष्टी दडल्या आहेत, त्यांतील यंत्राच्या बाजूच्या कोणत्या व माणसाच्या बाजूच्या कोणत्या, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां तांत्रिक वाटेल. परंतु ज्यांच्या घरांतील एखादा तरी मुलगा वा मुलगी आज संगणकाच्या व्यवसायांत आहे, अशा कुटुंबांना तो परका वाटण्याचें कारण नाहीं.

नंदुरबार जिल्ह्याचें अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस्-थ्री-वास' नामक व्यवस्थेवर उभें आहे. या नांवांतील तीन 'एस्' म्हणजे सुरक्षित, हवें तितकें वाढवितां येण्याजोगें व सुगम्य, असे तीन गुण होत. त्यांपैकीं 'सुगम्य' हा शब्द इंग्रजी नांवांतहि संस्कृतच ठेवला आहे, हें पाहून भाषाप्रेमी वाचकांस कौतुक वाटेल. याच व्यवस्थेवर देशांतील शेंकडों जिल्ह्यांचीं स्थळें चालतात. म्हणूनच नंदुरबारचें पान पाहून मग रत्नागिरीचें पाहिलें तर चित्रें व मजकूर बदलतो, परंतु जिल्ह्याविषयींची माहिती कोठें, सूचना कोठें, नागरिकांच्या सेवा कोठें, ही रचना ओळखीची वाटते.

असें होतें याचें कारण या स्थळांचे कर्ते दोन असतात. एक साचा घडवितो. दुसरा त्यांत मजकूर ओततो. साचा घडविणारा तंत्रज्ञ बहुधा दूर कोठें तरी बसलेला असतो. मजकूर ओतणारा जिल्ह्याच्या कचेरींतील कर्मचारी असतो आणि त्याला संगणकाची भाषा येण्याची गरज नसते. मथळा या चौकटींत, मजकूर त्या चौकटींत, तारीख तिसरींत, एवढें भरून कळ दाबली कीं पान तयार. या योजनेस मजकूर-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला या तिच्या जगप्रसिद्ध जाती होत. २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांतहि हीच कल्पना आहे आणि तेथें 'टेंप्लेट'ला 'साचा' हा आपला घरगुती शब्दच रूढ झाला आहे. गणेशचतुर्थीला मोदकाचा साचा हातीं धरणार्‍या गृहिणीस त्याचें मर्म निराळें सांगावयास नको : साच्याची एखादी कळी मोडकी असेल तर एकवीसच्या एकवीस मोदक तसेच उतरतात. संकेतस्थळाच्या साच्यांतील उणीव अशीच हजारों पानांवर उतरते; आणि त्यांतील एक दुरुस्ती हजारों पानें एका क्षणांत सुधारते.

आतां हा साचा कोणत्या द्रव्याचा असतो? तो असतो खुणांचा. जुन्या छापखान्यांत संपादक हस्तलिखिताच्या समासांत खुणा करीत असे : हा मथळा, येथें जाड टाइप, येथें नवा परिच्छेद. त्या खुणा छापल्या जात नसत, परंतु खिळे जुळविणार्‍याचें काम त्यांवांचून अडे. वेबच्या भाषेचें मूळ याच प्रथेंत आहे. १९६९ सालीं आय्-बी-एम् कंपनींत चार्ल्स गोल्डफार्ब व त्यांच्या दोघां सहकार्‍यांनीं या खुणांची यंत्रासाठीं एक भाषा केली. तिचें सुधारलेलें रूप १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालें. पुढें जिनिव्हा येथील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं त्याच वळणाची 'एच्-टी-एम्-एल्' ही सोपी भाषा वेबसाठीं रचली. तिच्यांतील खूण पानावर दिसत नाहीं. परंतु ती यंत्राला सांगते कीं हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, हा दुसर्‍या पानाकडे नेणारा दुवा आहे.

या भाषेचा पुढील इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९९० नंतरच्या दशकांत खुणांचा अर्थ बाजूला पडून त्या केवळ सजावटीसाठीं वापरण्याची चाल पडली. मजकूर आंकड्यांचा नसतांहि पानाची मांडणी जुळावी म्हणून कोष्टकें घालीत. मथळा हा मथळा आहे असें न सांगतां नुसतीं अक्षरें मोठीं व तांबडीं करीत. यावर उपाय म्हणून इ. स. २००० मध्यें 'एक्स-एच्-टी-एम्-एल्' ही कडक भाषा आली. तिची शिस्त कडक सोंवळ्याच्या स्वयंपाकघरासारखी होती : नियम तंतोतंत पाळावयाचे ठरविलें, तर एका खुणेचा स्पर्श चुकल्याबरोबर सारें पान विटाळे आणि वाचकाला अन्नाऐवजीं चुकीचा इशारा मिळे. हजारों हातांनीं भरल्या जाणार्‍या स्थळांस हें सोंवळें झेपण्यासारखें नव्हतें. अखेर २००४ सालीं ॲपल, मोझिला व ऑपेरा यांच्या मंडळींनीं निराळी वाट धरली. चुकीची खूण आली तर तिचा अर्थ प्रत्येक यंत्रानें एकाच रीतीनें कसा लावावा, हेंच त्यांनीं नियमांत लिहून टाकलें आणि त्याबरोबर अर्थवाहक नव्या खुणाहि दिल्या. या प्रयत्नांतून निघालेली 'एच्-टी-एम्-एल् पांच' २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं अधिकृत झाली. २०१९ पासून तिची एकच, सतत सुधारली जाणारी संहिता मानण्यांत येते. साच्यांनींहि ही वाट धरली : वर्डप्रेसनें २०१३ च्या आवृत्तींत साच्यांना नव्या खुणा वापरण्याची अधिकृत सोय दिली, आणि ड्रुपलनें २०१५ च्या आवृत्तींत आपले सारे साचे त्याप्रमाणें पुन्हां घडविले.

या अर्थवाहक खुणांचें महत्त्व ताट वाढण्याच्या आपल्या रीतीवरून चटकन् ध्यानांत येईल. मीठ वरच्या मध्यभागीं, लिंबू त्याच्या शेजारीं, डाव्या हातास चटणी-कोशिंबीर, उजव्या हातास भाजी-आमटी. प्रत्येक पदार्थाला ठरलेली जागा असते म्हणून दृष्टि गेलेल्या आजीबाईंचा हातहि न विचारतां बरोबर मिठाकडे जातो. नव्या मानकांनीं पानाला तशाच जागा दिल्या आहेत : वरचा शिरोभाग, मार्गदर्शक दुव्यांची पट्टी, मुख्य मजकूर, स्वतंत्र लेख, बाजूची जोडमाहिती व तळभाग. अंध व्यक्ति संकेतस्थळ वाचते ती पडदा मोठ्यानें वाचून दाखविणार्‍या आज्ञावलीच्या साहाय्यानें. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध तरुणानें २००६ सालीं सुरू केलेली 'एन्-व्ही-डी-ए' ही त्यांपैकीं एक असून ती विनामूल्य मिळते. तींत 'एच्' हें अक्षर दाबलें कीं वाचन पुढच्या मथळ्यावर उडी घेतें. परंतु मथळ्यावर मथळ्याची खूण असेल तरच ही उडी घेतां येते. नुसतें जाड अक्षर डोळसाला मथळा वाटतें. आज्ञावलीच्या दृष्टीनें तें बाकीच्या मजकुरांतलें एक वाक्य असतें, आणि ऐकणार्‍याला सबंध पान आरंभापासून ऐकत बसावें लागतें.

तेव्हां चांगल्या साच्यानें काय काय करावें, तें थोडक्यांत पाहूं. प्रत्येक पानावर एकच प्रमुख मथळा असावा व उपमथळे पायरीपायरीनें उतरावेत. अर्जांतील प्रत्येक रिकाम्या चौकटीला तिचें नांव खुणेनें बांधलेलें असावें. नाहीं तर ऐकणार्‍याला केवळ 'येथें लिहा' एवढेंच ऐकूं येतें, आणि काय लिहावयाचें तें कळत नाहीं. कोष्टकांत स्तंभांचीं शीर्षकें शीर्षकें म्हणून सांगितलेलीं असावींत. वनहक्काच्या यादींत '७३' हा आंकडा ऐकूं आला, तर तें दावेदाराचें वय कीं गट क्रमांक, हें त्या शीर्षकावांचून कसें उमगावें? साचे करणार्‍यांची एक संवय तर सर्वत्र आढळते : प्रत्येक बातमीखालीं 'अधिक वाचा' एवढाच दुवा ठेवावयाचा. दुव्यांची यादी ऐकणार्‍याच्या कानीं मग दहा वेळां 'अधिक वाचा, अधिक वाचा' असा जप पडतो. साच्यानें त्या दुव्यांत बातमीचा मथळाहि आपोआप गुंफावा, कीं काम झालें. या कामांत कर्मचार्‍याला एका अक्षराचाहि त्रास नाहीं, आणि साच्याचा मोठेपणा नेमका येथेंच आहे.

भाषेची खूण हा विषय मराठी माणसानें विशेष लक्षांत घ्यावा असा आहे. पानाच्या अगदीं आरंभीं 'या पानाची भाषा मराठी' असें सांगणारी 'एम्-आर्' ही दोन अक्षरांची खूण असावी लागते. परदेशी साचा आणून त्यांत मराठी मजकूर भरला आणि ही खूण इंग्रजीचीच राहिली, तर वाचून दाखविणारें यंत्र मराठी वाक्याला इंग्रजी उच्चारांचा पेहराव चढवितें किंवा तें वाक्य सरळ गाळतें. हिंदीची खूण राहिली तर दुसरा तोटा : देवनागरीच्या कांहीं टाइपांत ल व श यांचीं मराठी वळणें स्वतंत्र ठेवलेलीं असतात आणि मराठीची खूण पाहूनच तीं पडद्यावर येतात. नंदुरबारच्या बाबतींत प्रश्न आणखी पुढें जातो. तेथील कित्येक घरांत भिल्ली, मावची, पावरी बोलतात. सपाटीवर अहिराणी चालते. या बोलींनाहि आंतरराष्ट्रीय यादींत तीन तीन अक्षरांच्या खुणा आहेत : भिल्लीची 'बी-एच्-बी', मावचीची 'एम्-के-ई', अहिराणीची 'ए-एच्-आर्'. लसीकरणाची किंवा कुपोषणाची एखादी सूचना उद्यां भिल्लींत प्रसिद्ध करावयाची म्हटली, तर मानकांत तिच्यासाठीं जागा आधींच राखलेली आहे. साचा घडविणार्‍यानें भाषेची यादी दोनच नांवांवर बंद करून टाकूं नये, एवढेंच मागणें आहे.

लिपीची एक लढाई मात्र बहुतांशीं जिंकली गेली आहे. पूर्वीं मराठी पानें निरनिराळ्या खाजगी टाइपांत असत. वस्तुतः पानावर रोमन अक्षरेंच असत, आणि त्यांवर मराठीचा मुखवटा चढविलेला असे. तो विशिष्ट टाइप वाचकाच्या संगणकांत नसला कीं मुखवटा गळून पडे व निरर्थक चिन्हें दिसत. शोधयंत्रालाहि त्यांतून कांहीं सांपडत नसे. १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या युनिकोड मानकांत देवनागरीला आरंभापासूनच स्थान मिळालें होतें. तें हळूहळू सर्वत्र रुजलें आणि हा त्रास ओसरला. तथापि जुन्या टाइपांत लिहिलेलें टिपण तसेंच उचलून नव्या चौकटींत चिकटविण्याचा मोह अद्यापि पडतो, व तेथें पुन्हां तोच घोटाळा होतो.

यावरून मुख्य मुद्द्याकडे येऊं. साचा कितीहि निर्दोष असला तरी मजकूर भरणारा हात त्याचें चीज करूं शकतो, तसा नाशहि करूं शकतो. आपल्याकडे याचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे छायांकित कागद. सूचना संगणकावरच टाइप करावयाची, मग ती छापावयाची, तिच्यावर सही व शिक्का मारावयाचा, त्या कागदाचें पुन्हां छायाचित्र काढावयाचें आणि तें संकेतस्थळावर चढवावयाचें, हा क्रम सरकारी व खाजगी, दोन्ही प्रकारच्या संस्थांत सर्रास चालतो. सही-शिक्क्याचा मान राहतो, पण अक्षरांचें चित्र होऊन बसतें. वाचक-आज्ञावलीला तेथें कोरा चौकोन मिळतो. शोधयंत्राला गांवाचें नांव सांपडत नाहीं. लहान पडद्यावर ओळी मोडून घेतां येत नाहींत. अंगणवाडी मदतनिसाच्या जागेसाठीं अर्ज करूं पाहणार्‍या, दृष्टि अधू असलेल्या एखाद्या तरुणीची कल्पना करा. जाहिरात नियमाप्रमाणें प्रसिद्ध झाली, मुदतहि नियमाप्रमाणें संपली, आणि दोहोंच्या मधल्या काळांत तिला एक शब्दहि कळला नाहीं! कागदोपत्रीं कोणाचाच दोष नाहीं. नोकरी मात्र हुकली.

कोणी म्हणेल, डोंगरांत जेथें फोनला संदेशलहरीच मिळत नाहींत, तेथें खुणांच्या शुद्धतेचा आग्रह कशाला? परंतु हिशेब केला तर उलटच दिसतें. युनिकोडांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. तीन हजार चिन्हांची, म्हणजे सुमारें पांचशें शब्दांची सूचना नऊ-दहा किलोबाइटांत मावते. त्याच सूचनेच्या एका पानाचें छायाचित्र कित्येक शें किलोबाइटांचें सहज होतें. जेथें लहर क्षीण आहे, तेथें पहिली सूचना उतरते आणि दुसरी अर्ध्यावर थांबते. तेव्हां मानकांप्रमाणें केलेलें पान ही शहराची चैन आहे असें नव्हे. त्याची खरी गरज सातपुड्यालाच अधिक आहे.

कायदाहि आतां याच बाजूचा आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीं भारत सरकारनें पहिली मार्गदर्शिका २००९ मध्यें काढली. तिची तिसरी आवृत्ति २०२३ मध्यें आली. ती वेबच्या जागतिक संघाच्या सुगम्यताविषयक नियमांवर आधारलेली आहे. त्या नियमांत, अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें, इतका बारकावा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें माहितीची सुगम्यता हें शासनाचें कर्तव्य ठरविलें. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं, प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें. अशा रीतीनें समासांतल्या त्या न दिसणार्‍या खुणांचा संबंध आतां थेट राज्यघटनेशीं जडला आहे.

तथापि कायद्याचा बडगा सरकारपुरता ठेवून आपण स्वस्थ बसावें, हें बरें नव्हे. सार्वजनिक वाचनालयें, शिक्षणसंस्था, सहकारी पतपेढ्या, ज्ञातीच्या वसतिगृहांचे व देवस्थानांचे न्यास यांच्या कार्यकारी मंडळांवर आपल्याच घरांतील मंडळी असतात, आणि त्यांचीं स्थळेंहि बहुधा अशाच तयार साच्यांवर उभीं असतात. साचा निवडतांना रंग व चित्रें पाहण्यापूर्वीं चार साध्या परीक्षा घरच्या घरीं घेतां येतील. माऊस बाजूला ठेवून केवळ 'टॅब' कळीनें सार्‍या दुव्यांवर फिरतां येतें का? फोनवर बोट ठेवून सूचनेंतील एखादा शब्द निवडतां येतो का? अक्षर दुप्पट मोठें केलें तर मजकूर पडद्याबाहेर सांडत नाहीं ना? आणि फोनमधील 'टॉकबॅक' चालूं करून, डोळे मिटून, संस्थेचा दूरध्वनि क्रमांक शोधून काढतां येतो का?

या परीक्षांत जेथें साचा नापास होईल, तेथें तो बदलण्याचा आग्रह तंत्रज्ञाकडे धरावा. जेथें साचा उत्तीर्ण होऊन मजकूर नापास होईल, तेथें तंत्रज्ञाला बोल लावूं नये. मथळा देण्यासाठीं मथळ्याचीच कळ वापरणें, चित्राखालीं त्याचें वर्णन एका ओळींत लिहिणें, आणि सही केलेल्या कागदाबरोबर त्याचा मूळ टाइप केलेला मजकूरहि पानावर ठेवणें, एवढें तर कोणत्याहि चिटणिसाला साधेल. या तिसर्‍या कामास फार तर पांच मिनिटें लागतात. तीं पांच मिनिटें संस्थेच्या कचेरींत खर्च झालीं नाहींत, तर त्यांची भरपाई दूरच्या पाड्यावरील कोणाला तरी एका सबंध दिवसानें करावी लागते, हें प्रत्येक सूचना चढवितांना ध्यानांत ठेवावें.